मोठं नाव, छोटी खूण

गोल्फ हा आपल्यापैकी बहुतेकांनी टीव्हीवरसुद्धा धड न पाहिलेला खेळ. श्रीमंतांचा, हिरव्यागार कुरणांचा, शांतपणे टाळ्या वाजवणाऱ्यांचा. त्याच्या काठीवर लेख कशाला, असं कुणालाही वाटेल. पण या खेळाच्या आसपास एक छंद वाढला आहे, आणि उर्दू-मराठी अशा दोन भाषा शिकवणाऱ्या माणसाला त्यात वाचण्यासारखं बरंच सापडतं. घरच्या घरी गोल्फच्या स्टिकवर अक्षरं ठोकण्याचा हा छंद आहे.

छंदाचं काम साधं आहे, पण सोपं नाही. गोल्फच्या पिशवीत 'वेज' नावाच्या दोन-तीन स्टिक असतात. चेंडू जवळच्या जवळ उंच उडवून टाकायला त्या वापरतात. वेजचं डोकं पोलादी असतं आणि मागच्या बाजूला मोकळी सपाट जागा असते. अमेरिकेत, ब्रिटनमध्ये हौशी खेळाडू या जागेवर आपली आद्याक्षरं, मुलांची नावं, एखादी तारीख किंवा गमतीचं टोपणनाव ठोकून घेतात. नामवंत खेळाडूंना कंपन्याच हे करून देतात. बाकीचे लेटर पंच विकत आणून घरी करतात.

लेटर पंच आपल्याकडेही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. बोटाएवढी कडक पोलादाची कांडी आणि तिच्या टोकाला उलटं अक्षर. वर्कशॉपमध्ये यंत्राच्या भागावर किंवा गाडीच्या चेसिसवर नंबर उमटवायला हेच वापरतात. गोल्फवाला वेजचं डोकं व्हाइसमध्ये घट्ट आवळतो, ओरखडे पडू नयेत म्हणून मध्ये चामडं किंवा लाकूड घालतो. अक्षरं एका रेषेत यावीत म्हणून चिकटपट्टी लावतो आणि तिच्या कडेला पंच टेकवून हातोडीचा एकच नेमका घाव घालतो. घाव हलका पडला आणि दुसऱ्यांदा मारायला गेलं की पंच केसभर सरकतो आणि अक्षराला सावली पडते. ती पुसता येत नाही. शेवटी खाचेत रंग भरायचा, वरचा रंग पुसून घ्यायचा, की अक्षर उठून दिसतं.

यात धातूची ओळख लागते. घडीव डोकं मऊ पोलादाचं असतं, त्यावर अक्षर लोण्यात बोट बुडावं तसं बसतं. ओतीव डोकं सहसा जास्त कडक, तिथे पंचच बोथट होण्याची भीती. क्रोमचा मुलामा असेल तर तो तडकतो आणि तिथून गंज शिरतो. कोरीवकामात धातू खरवडून निघतो. ठोकण्यात तो निघत नाही, फक्त बाजूला सरकतो, म्हणून स्टिकचं वजन बदलत नाही. चेंडूला लागणाऱ्या बाजूवर मात्र हौस चालत नाही. तिथल्या खोबणींची रुंदी, खोली आणि अंतर हे सगळं खेळाच्या नियमांत बांधलेलं आहे.

आता प्रश्न असा की स्टिक घडवली दुसऱ्याने आणि तिच्यावर नाव ठोकतो तिसराच. हे कधी सुरू झालं? आणि आधी तिथे कुणाचं नाव होतं?

धनुष्य करणारा आणि लोहार

गोल्फचा जुना उल्लेख एका बंदीत सापडतो. १४५७ मध्ये स्कॉटलंडचा राजा दुसरा जेम्स याच्या संसदेने फुटबॉल आणि गोल्फ बंद करण्याचा कायदा केला. लोक खेळात रमतात आणि तिरंदाजीचा सराव सोडतात, ही तक्रार होती. गंमत अशी की पुढे १५०२ मध्ये चौथ्या जेम्स राजाने गोल्फच्या काठ्या विकत घेतल्याची नोंद राजाच्या हिशेबात आहे, आणि त्या त्याने पर्थ गावातल्या धनुष्य करणाऱ्याकडून घेतल्या. ज्या धनुष्यासाठी खेळ बंद करायचा, त्याच धनुष्याच्या कारागिराकडे राजाने खेळाचं सामान मागितलं. लाकूड कसं वाकतं आणि कसं उसळी घेतं, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार? १६०३ मध्ये विल्यम मेन हा एडिंबरोचा कारागीर राजाचा काठ्या करणारा नेमला गेला. तोही धनुष्यं आणि भाले करणाराच होता.

म्हणजे पहिली तीनशे वर्षं गोल्फ हा सुताराचा खेळ होता. लोहाराला त्यात जागा थोडी होती, कारण चेंडू लोखंड सोसणारा नव्हता. चामड्याच्या पिशवीत उकडलेली पिसं ठासून भरायची आणि तोंड शिवायचं, असा तो चेंडू. चांगला कारागीर दिवसात तीन-चार चेंडू करायचा, त्यामुळे चेंडूची किंमत काठीच्या तोडीची असे. लोखंडाचा फटका बसला की शिवण उसवायची. लोखंडी काठी फक्त गाडीच्या चाकोरीत किंवा खडकाळ जागी अडकलेला चेंडू काढायला वापरत. इंग्लंडमधल्या हल शहरात एका घराच्या बंद कपाटात १७४१ च्या वर्तमानपत्रासोबत जुन्या काठ्यांचा संच सापडला. त्यात सहा लाकडी आणि दोनच लोखंडी आहेत. लोहाराची जागा किती होती, ते या आकड्यावरून कळतं.

१८४८ च्या सुमारास चेंडू बदलला. गटापर्चा नावाचा मलायाच्या जंगलातल्या झाडांचा चीक गरम केला की मऊ होतो आणि थंड झाला की टणक. त्याचे चेंडू निघाले. याचं श्रेय सेंट अँड्रूजच्या रॉबर्ट ॲडम्स पॅटरसन या तरुणाला देतात. त्याच्या घरी पूर्वेकडून विष्णूची मूर्ती आली होती, ती फुटू नये म्हणून खोक्यात गटापर्चाचे तुकडे भरले होते, त्यातून त्याने चेंडू वळला, अशी कथा गोल्फची पुस्तकं सांगतात. कथा कथाच असेल. पण आग्नेय आशियातल्या झाडाचा चीक स्कॉटलंडमधल्या लोहाराच्या भट्टीला काम देऊन गेला, हे मात्र खरं आहे. हा चेंडू स्वस्त होता आणि लोखंडाचे घाव सोसत होता.

याच चेंडूने आणखी एक धडा दिला. नवा, गुळगुळीत चेंडू हवेत डगमगायचा आणि खेळून खरचटलेला चेंडू सरळ जायचा. खेळाडूंच्या हे लक्षात आलं, तेव्हा कारागीर नव्या चेंडूवर हातोडीने मुद्दाम खुणा ठोकू लागले. आजच्या चेंडूवरचे खळगे त्याच ओरखड्यांचे वंशज.

चिलीम, हात, चांदणी, बाण

लोखंडी काठीला स्कॉट लोक 'क्लीक' म्हणत. त्यांच्या बोलीत क्लीक म्हणजे आकडा, हूक. ती घडवणारा तो क्लीकमेकर. जुने गावठी लोहार काठीवर सहसा काहीच उमटवत नसत. गिऱ्हाईक गावातलं, लोहार गावातला. नाव घालायची गरज काय? पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेल्वेमुळे आणि साम्राज्यामुळे गोल्फ दूरवर पसरला आणि काठ्या अनोळखी माणसांच्या हातात जाऊ लागल्या. तेव्हा डोक्याच्या मागे खुणा दिसू लागल्या. त्यांनाच 'क्लीकमार्क' म्हणतात.

फाइफ हा स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचा एक छोटा परगणा. बहुतेक नामांकित खुणा तिथल्याच. सेंट अँड्रूजच्या टॉम स्टुअर्टने १८९३ च्या सुमारास आपली भट्टी सुरू केली. त्याची खूण म्हणजे तंबाखू ओढायचा पाइप, आपली चिलीम म्हणा. रॉबर्ट काँडीची खूण गुलाबाचं फूल. लेव्हन गावच्या जॉर्ज निकोलची हाताचा पंजा. किंगहॉर्नच्या विल्यम गिब्सनची चांदणी. अँस्ट्रुदरच्या अँडरसनची बाण. नखाएवढी खूण, एका घावात उमटणारी. अमेरिकेच्या बॉबी जोन्सने १९३० मध्ये एकाच वर्षात त्या काळच्या चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या. त्याच्या पिशवीतल्या लोखंडी काठ्यांवर स्टुअर्टचा पाइप होता.

लोहारांनी पूर्ण नाव का ठोकलं नाही? याचं उत्तर धंद्याच्या रचनेत आहे. क्लीकमेकर फक्त डोकं घडवायचा. ते डोकं विकत घ्यायचा गोल्फ क्लबातला व्यावसायिक, ज्याचं तिथेच दुकान असायचं. तो त्याला अमेरिकेहून आलेल्या हिकरी लाकडाचा दांडा बसवायचा, चामड्याची मूठ गुंडाळायचा आणि डोक्यावर आपलं नाव मोठ्या अक्षरांत ठोकायचा. मोठी दुकानंही हेच करत. आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स हे त्यातलं एक. त्यांची मुंबईतली इमारत आजही काळा घोडा भागात उभी आहे. ठळक जागा विकणाऱ्याने घेतली आणि घडवणाऱ्याला कोपरा उरला.

कधी कधी त्यावर मालकाची आद्याक्षरंही येत. मग एका डोक्यावर तीन नावं जमा व्हायची: घडवणाऱ्याची खूण, विकणाऱ्याचं नाव, वापरणाऱ्याची अक्षरं. शिवाय पुष्कळ काठ्यांवर 'हाताने घडवल्याची हमी' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द ठोकलेले दिसतात. हमी धातूवर लिहावी लागते ती शंका सुरू झाल्यावर. तोवर यंत्राच्या घणाखाली साच्यात दाबून डोकी काढणारे कारखाने आले होते.

आज या काठ्या जमवणारे लोक काय करतात? ते दुकानदाराचं मोठं नाव वाचून बाजूला ठेवतात आणि भिंग लावून छोटी खूण शोधतात. काठी खरोखर कुठे जन्मली आणि कधी, हे खूण सांगते. सेंट अँड्रूजच्या फोर्गन घराण्याला ब्रिटिश युवराजाच्या आश्रयामुळे त्याची तीन पिसांची मुद्रा वापरायला मिळाली होती. १९०१ मध्ये युवराज राजा झाला आणि पिसांच्या जागी मुकुट आला. तेव्हा पिसं दिसली तर काठी त्याआधीची, मुकुट दिसला तर नंतरची. नावात ही माहिती नाही. ती खुणेत आहे.

मोठं नाव सत्ता किंवा बाजार सांगतं, छोटी खूण हात सांगते. हा नियम गोल्फपुरता असता तर मी हा लेख लिहिला नसता.

शिक्का म्हणजे नाणं नव्हे

उर्दूत आणि हिंदीत 'सिक्का' म्हणजे नाणं. मराठीत 'शिक्का' म्हणजे ठसा. वर्गात मुलं नेहमी विचारतात, यातलं बरोबर कोणतं? शब्द अरबी आहे आणि अरबीत सिक्का म्हणजे मुळात नाणं पाडायचा लोखंडी ठसा. ठशावरून नाण्याला तेच नाव पडलं. उर्दू बोलणाऱ्यांनी नाणं हातात ठेवलं आणि ठसा विसरला, मराठीने ठसा जपला. मूळ अर्थाच्या जास्त जवळ या बाबतीत मराठी आहे, हे ऐकून माझ्या उर्दूच्या मुलांना जरा आश्चर्य वाटतं. 'शिक्कामोर्तब' या शब्दाचे तर दोन्ही तुकडे अरबी आहेत: सिक्का आणि मुरत्तब, म्हणजे नीट लावलेलं, पूर्ण केलेलं.

इस्लामी राज्यांत सत्तेच्या दोन निशाण्या मानल्या जात: शुक्रवारच्या खुत्ब्यात नाव आणि सिक्क्यावर नाव. खलिफा अब्दुल मलिकने हिजरी ७७ मध्ये, म्हणजे इ.स. ६९६-९७ मध्ये, सोन्याच्या दिनारवरून चित्रं काढून टाकली आणि फक्त अक्षरं ठेवली. तेव्हापासून नाणं ही वाचायची वस्तू झाली. पुढे राज्यकर्ते त्यावर आपलं नाव, पदवी, साल आणि टांकसाळीचं नाव घालू लागले.

ती अक्षरं कुणाच्या हातची? नाण्यावर त्याचं नाव कधी येत नाही. खालचा ठसा ऐरणीत बसवायचा, त्यावर चांदीची चकती, वरून दुसरा ठसा धरायचा आणि घण मारायचा. लेटर पंचाचाच हा मोठा भाऊ. पण त्या ठशात अक्षरं उलटी आणि सुंदर कोरणारा माणूस पडद्याआड राहतो. अकबराच्या टांकसाळीचं वर्णन करताना अबुल फजलने मात्र आईन-ए-अकबरीत त्याला नावानिशी आणलं. दिल्लीचे मौलाना अली अहमद. पोलादात ते अशी अक्षरं कोरत की नामवंत खुशनवीसांच्या कागदावरच्या अक्षरांशी तुलना व्हावी, असं तो सांगतो. त्यांच्या हाताखालच्या दोघांचा महिन्याचा पगारही त्याने नोंदवला आहे, ६०० दाम. लाखो हातांतून फिरलेल्या रुपयांवर बादशहाचं नाव आहे. अली अहमदांचं नाव एका पुस्तकाच्या पानावर आहे, तेही लिहिणाऱ्याला सुचलं म्हणून.

इस्लामी जगात याला अपवादही आहेत आणि ते अभिमानाने सांगण्यासारखे आहेत. धातूची भांडी आणि उपकरणं करणारे उस्ताद 'अमल' हा शब्द लिहून पुढे आपलं नाव कोरत. अमल म्हणजे काम, अमुक माणसाच्या हातचं. मोसुलच्या शुजा इब्न मनआने १२३२ मध्ये घडवलेली पितळी सुरई आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, त्याच्या नावासह. हुमायूनच्या काळातला लाहोरचा अल्लाहदाद ग्रहताऱ्यांची उंची मोजायचं यंत्र, म्हणजे उस्तुरलाब, घडवायचा. त्याचा पणतू झियाउद्दीन मुहम्मद आपल्या उस्तुरलाबांवर स्वतःचं नाव कोरून थांबत नाही. तो बापाचं, आजोबाचं आणि पणजोबाचंही नाव घालतो. चार पिढ्यांचा हुनर एका ओळीत. हाच अरबी 'अमल' मराठीत आला तेव्हा 'अंमल' झाला, म्हणजे राज्य. अंमलदार, अंमलबजावणी हे शब्द त्यातूनच आले. कारागिराचा शब्द कचेरीत गेला आणि हुकमाचा झाला.

पुण्याचा अंकुशी रुपया

मराठी वाचकाने हा नियम जिथे लावून पाहायलाच हवा अशी एक वस्तू आपल्या अगदी जवळ आहे. पेशवाईत पुण्यात पाडलेला अंकुशी रुपया.

हा रुपया हातात घेतला तर त्यावर फारसी अक्षरं दिसतात आणि नाव असतं मुघल बादशहा दुसऱ्या शाह आलमचं. शिवाजी महाराजांनी आपल्या शिवराईवर देवनागरीत 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' अशी अक्षरं घातली होती. पण पुढे अठराव्या शतकात मराठ्यांच्या ताब्यातल्या टांकसाळींतून निघणारे चांदीचे रुपये बहुतेक मुघल बादशहाच्या नावानेच पाडले गेले. औरंगजेबाने पुण्याला दिलेलं 'मुहियाबाद' हे नावही पेशव्यांच्या काळात टांकसाळीचं नाव म्हणून नाण्यावर राहिलं.

हाताने पाडलेल्या या रुपयांत ठसा मोठा आणि चकती लहान असे. म्हणून पूर्ण मजकूर एका नाण्यावर सहसा येतच नाही, कुठे बादशहाचं नाव अर्धं कापलं जातं तर कुठे गावाचं. त्या अर्ध्यामुर्ध्या अक्षरांत एक छोटी खूण असते: हत्तीला हाकायचा अंकुश. रुपयाचं नावच तिच्यावरून पडलं. बादशहा कुणीही असो, अंकुश दिसला की जाणकाराला रुपया कुठला ते कळायचं. योगायोग पाहा, स्कॉट लोकांचा क्लीक म्हणजे आकडा आणि आपला अंकुश म्हणजेही आकडाच.

आता हा रुपया घेऊन आजच्या वादात उतरलं तर काय होतं? एक जण बादशहाचं नाव वाचतो आणि म्हणतो, बघा, मराठे अखेर मुघलांचेच चाकर. दुसऱ्याला ते नाव इतकं नकोसं होतं की तो असा रुपया पाठ्यपुस्तकात छापायलाही कचरेल. दोघेही मोठं नावच वाचतात. प्रत्यक्षात शाह आलम अलाहाबादहून दिल्लीला परतला तो १७७२ मध्ये, मराठी फौजेच्या आधाराने. पुढे तो महादजी शिंद्यांच्या संरक्षणात राहिला. नाव त्याचं होतं, अंकुश पुण्याचा.

मग नाव ठेवलंच का? चाकरी हे त्याचं उत्तर नाही आणि प्रेम हेही नाही. मुघल रुपयाची चांदी आणि वजन यांवर हिंदुस्थानभरच्या बाजाराचा विश्वास होता. ओळखीच्या तोंडवळ्याचा रुपया लांबच्या गावातही चालायचा. लेव्हनच्या लोहाराचं डोकं लंडनच्या दुकानाच्या नावाखाली विकलं जायचं, तसाच हा व्यवहार. सराफ बादशहाचं नाव वाचून भाव ठरवत नसत. ते खूण पाहत, वजन करत, चांदी पारखत आणि मग बट्टा सांगत. ईस्ट इंडिया कंपनीनेही हे ओळखलं होतं. तिचे रुपयेही बराच काळ शाह आलमच्या नावाने निघत. १८३५ मध्ये तिने ते नाव काढून आपल्या राजाचं तोंड छापलं. तोवर तिला बाजाराच्या विश्वासासाठी दुसऱ्याच्या नावाची गरज उरली नव्हती.

आपल्या मुलांनी हा रुपया पाहावा असं मला वाटतं. मराठी मुलांनी आणि उर्दू शाळेतल्या मुलांनीही, शक्यतो एकत्र बसून. उर्दूवाला फारसी अक्षरं लावेल, मराठीवाला अंकुश ओळखेल. एकट्याला तो रुपया पुरता वाचता येणार नाही.

हंड्यावरची आजी

धातूवर नाव घालायची महाराष्ट्राची घरगुती रीत सगळ्यांना माहीत आहे. लग्नात आलेला हंडा, कळशी, पातेलं, ताट यांवर देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव आणि तारीख. पूर्वी दुकानातला माणूस छोट्या छिन्नीने टिंब टिंब ठोकून अक्षरं काढायचा, आता विजेच्या पेनने काढतो. मुस्लीम घरांतल्या भांड्यांवरही हीच रीत आहे, आणि नावं बहुतेक देवनागरीतच. फातिमाबी, जैनबबी, अमुकच्या शादीनिमित्त मामूंकडून, असं.

मी मुलांना घरातल्या भांड्यांवरची नावं उतरवून आणायला सांगतो. यादी येते तेव्हा एक गोष्ट दर वेळी दिसते: त्यात बायका खूप असतात. ज्यांचं नाव सातबाऱ्यावर नाही, घराच्या दाराच्या पाटीवर नाही, अशा आज्या-पणज्यांची नावं पितळेवर असतात, गावासह आणि सालासह. पुराव्याचे कागद मागण्याच्या या दिवसांत एखाद्या घराकडे पणजीचा सर्वांत जुना लेखी उल्लेख एका कळशीवर निघावा, याचं हसू येत नाही.

पण इथेही नियम लावा. कळशीवर मामूंचं नाव आहे, नवरीचं आहे. कळशी ठोकणारा तांबट कुठे आहे? पुण्याच्या तांबट आळीत तांब्याच्या पत्र्यावर मठारकाम करणाऱ्याने एका भांड्यावर किती हजार घाव घातले असतील? तिला दरवर्षी चकाकी देणारा कलईवाला, जो अनेकदा आपल्यातला असायचा, तो कुठे आहे? तलवारींना आणि सुऱ्यांना पाणी देणारा शिकलगार आहे. त्याच्या नावात अरबी 'सैकल', म्हणजे झिलई, हा शब्द आहे. कारागिरी जातीच्या नावात उरली आणि माणसाचं नाव गेलं. आपण मुसलमानांचा इतिहास सांगताना बादशहांची यादी सांगतो, कारण तीच नाण्यावर मोठ्या अक्षरांत आहे. तिच्या खाली काम करणाऱ्यांत आपले पूर्वज होते, असण्याची शक्यताही तिथेच जास्त.

नंबर आणि नाव

गोल्फच्या लोहारांचं पुढे काय झालं, ते थोडक्यात सांगतो. १९२० च्या दशकात अमेरिकेत पोलादी दांड्याला परवानगी मिळाली आणि १९२९ मध्ये सेंट अँड्रूजच्या नियामकांनीही दिली. हिकरी गेलं. एकसारखा दांडा आला, तसा एकसारखा संचही आला. क्लीक, मॅशी, निब्लिक अशी काठ्यांची जुनी नावं गेली आणि त्यांच्या जागी नंबर ठोकले जाऊ लागले: तीन, पाच, सात, नऊ. लोक पिशवीत पंचवीस-तीस काठ्या घेऊन फिरू लागले, तेव्हा १९३८-३९ मध्ये चौदाची मर्यादा घालावी लागली. पाइप, पंजा आणि चांदणी यांच्या जागी कंपनीचं नाव आलं. विकणाऱ्याचं नाव आणि घडवणाऱ्याचं नाव एकच झालं, म्हणजे घडवणारा पुरता दिसेनासा झाला.

भारतात हा खेळ लवकर आला. कलकत्त्याचा रॉयल गोल्फ क्लब १८२९ चा आणि मुंबईचा १८४२ चा. साहेबांच्या पिशव्या वाहणारे कॅडी इथले होते. दुसऱ्याच्या नावाचं लोखंड खांद्यावर घेऊन त्यांच्या पिढ्या चालल्या. त्यातलाच एक मुलगा दिल्ली गोल्फ क्लबात कॅडी म्हणून वाढला, तिथेच खेळ शिकला आणि १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकला. त्याआधी १९६५ मध्ये पी. जी. सेठी यांनी ही स्पर्धा जिंकली होती, पण ते हौशी खेळाडू होते. ती जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक म्हणजे हा मुलगा, अली शेर. १९९३ मध्ये त्याने ती पुन्हा जिंकली. मराठी वर्तमानपत्रं अशा वेळी 'करंडकावर नाव कोरलं' असं लिहितात. रोज लिहून गुळगुळीत झालेला हा शब्दप्रयोग त्याच्या बाबतीत अक्षरशः खरा वाटतो.

आणि आता कारखान्यातून आलेल्या, नंबर घातलेल्या वेजवर कुणीतरी गॅरेजमध्ये बसून आपल्या मुलीचं नाव ठोकतो आहे. हजारांत एकसारखी निघालेली वस्तू त्याला आपली करायची आहे, आणि ती इच्छा मला समजते. हौसेपोटी का होईना, पोलादाला अक्षर देताना हात किती स्थिर लागतो, ते त्याला पहिल्या वाकड्या अक्षरातच कळतं. मौलाना अली अहमदांची किंमत कळायला इतकी तयारी पुरेशी आहे.

तुमच्या घरात जुनं तांबं-पितळ असेल तर या रविवारी ते खाली काढा. नाव वाचून झालं की भांडं उलटं करा आणि बुडाशी, कडेला, कानाखाली नीट पाहा. कुठे एखादा छोटासा ठसा दिसला, फूल, आकडा किंवा दोन अक्षरं, तर वहीत उतरवून ठेवा आणि मुलांना दाखवा.